न टांगता येणाऱ्या कलेची जबाबदारी

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात, भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे सुमारे ६२ लाख डॉलरना विकले गेले आणि ती बातमी आपल्याकडेही घरोघर पोचली. मौरिझियो कातेलान या इटालियन कलावंताची ही कृती २०१९ पासून गाजते आहे. तिच्यामुळे मांडणशिल्प (वस्तू एखाद्या जागेत मांडून केलेली कलाकृती) आणि परफॉर्मन्स आर्ट (कलावंताने प्रेक्षकांसमोर स्वतःच्या शरीराने केलेली कृती) म्हणजे श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी चालवलेला खेळ, हा समज अनेकांच्या मनात पक्का झाला. मात्र १९९५ मध्ये मुंबईत, एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात, रुम्माना हुसेन या चित्रकर्तीने मधोमध चिरलेली पपई हातात धरून, पायांत घुंगरू बांधून, तोंड पूर्ण उघडे ठेवूनही कंठातून आवाज न काढता प्रेक्षकांमधून फेऱ्या घातल्या होत्या, हे सांगितले तर कलाप्रेमी म्हणवणाऱ्या मराठी वाचकालाही ते नवे वाटते. केळ्याशी आपला संबंध फक्त बातमीपुरता आहे. पपई हातात घेतलेली ती बाई मात्र ज्या शहरात आणि ज्या काळात उभी होती, ते शहर आणि तो काळ आपला आहे.

ही विसंगती केवळ प्रसिद्धीमुळे आलेली नाही. चित्र टांगता येते, विकत घेता येते, घरात वा संग्रहालयात राहते आणि पुढच्या पिढीला दिसते. मांडणशिल्प प्रदर्शन संपले की सुटे होऊन खोक्यांत जाते आणि परफॉर्मन्स तर त्याच संध्याकाळी संपतो. म्हणून अशी कला मागे राहावी असे वाटत असेल, तर ती राखण्याचे काम कोणीतरी जाणीवपूर्वक पत्करावे लागते. ते काम कलावंताच्या कुटुंबीयांवर आणि खासगी गॅलऱ्यांवर सोडून चालणार नाही, ते सार्वजनिक संग्रहालयांचे आहे आणि महाराष्ट्राने ते अजून पुरेशा गांभीर्याने अंगावर घेतलेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईत ही कला कोणत्या परिस्थितीत रुजली, ते आधी पाहायला हवे. जागतिक इतिहास सांगताना १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँने कलाकृती म्हणून पुढे केलेल्या मुतारीपासून किंवा १९५९ मधल्या अ‍ॅलन कॅप्रोच्या ‘हॅपनिंग’पासून, म्हणजे प्रेक्षकांनाही सामील करून घेणाऱ्या प्रयोगापासून, सुरुवात होते आणि ते योग्यच आहे, पण मुंबईतल्या कलावंतांना चौकटीतून बाहेर काढले ते प्रामुख्याने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या दंगलींनी. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यात ९०० माणसे मारली गेली. तोवर रंग आणि कॅनव्हास यांत काम करणाऱ्या काही कलावंतांना एकाएकी ते माध्यम अपुरे वाटू लागले. भिंतीवरच्या चित्रासमोर माणूस एका सुरक्षित अंतरावर उभा राहतो, मान किंचित तिरकी करतो आणि पुढे सरकतो. ज्या शहरात शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर दाखवून दिले होते, तिथे ते सुरक्षित अंतरच खोटे वाटू लागले असावे. बघणाऱ्याला कामाच्या आत आणून उभे करण्याची गरज तिथून आली.

रुम्माना हुसेन यांना त्या दिवसांत घर सोडावे लागले होते. चित्रकार म्हणून त्यांची वाट तोवर बरीचशी रूढ होती. त्यानंतरची त्यांची कामे पूर्णपणे वेगळी झाली. मातीची मडकी त्यांनी फोडली आणि अर्धी मडकी आरशांवर ठेवली. उपडे अर्धे मडके घुमटासारखे दिसते, आरशात त्याचे उलटे रूप मिळून पूर्ण गोल भासतो आणि वाकून पाहणाऱ्याला त्या फुटक्या कडेशेजारी स्वतःचा चेहराही दिसतो. घुमट, गर्भाशय, पाण्याचे भांडे या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत आहेत, आणि ती वस्तू कुंभाराकडे चार पैशांत मिळणारी आहे. भाषण नाही, घोषणा नाही. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर भारतीय कलेत जे काही घडले, त्यात इतक्या थोड्या सामग्रीतून इतके खोल गेलेले दुसरे काम मला चटकन आठवत नाही. गेरू, मडके, पपई, घुंगरू या सगळ्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या आणि रंगमंचावरच्या आहेत. चिरलेल्या पपईत बायकांना जे दिसते ते कोणत्याही कलासमीक्षकाने समजावून सांगण्याची गरज नव्हती. रुम्माना हुसेन १९९९ मध्ये कर्करोगाने गेल्या.

दिल्लीत राहणाऱ्या विवान सुंदरम् यांनी १९९३ मध्ये याच दंगलीवर ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प केले. त्याच्या केंद्रस्थानी होते होशी जाल या वृत्तछायाचित्रकाराने टिपलेले, मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे वर्तमानपत्रात आलेले छायाचित्र. सुंदरम् यांनी त्या छायाचित्राच्या प्रतींवर खिळे ठोकले, कुठे त्या खिळ्यांनीच त्या देहाला आच्छादन दिले, त्या प्रती काचेच्या पेट्यांत मांडल्या आणि पत्र्याच्या ट्रंका रचून एक कमान उभी केली. ट्रंक म्हणजे घर सोडणाऱ्याचे सामान, हे फाळणीपासून या उपखंडाला ठाऊक आहे. रस्त्यावर बेवारस पडलेल्या एका देहाला, ज्याला कुणी सलामी दिली नाही, त्याला या कामाने राष्ट्रीय स्मारकाची प्रतिष्ठा दिली. त्या दंगलीतल्या मृतांचे सार्वजनिक स्मारक मुंबईत आजही मला कुठे दिसत नाही. जे काही स्मारक झाले ते एका कलावंताने ट्रंका आणि खिळे वापरून केले, आणि तेही खोक्यांत भरून ठेवावे लागणारे.

पत्र्याच्या ट्रंका नलिनी मालानी या चित्रकर्तीच्याही कामात येतात. पोखरणच्या १९९८ मधल्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरच्या कथेचा धागा घेऊन ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प केले. त्यात जमिनीवर ठेवलेल्या उघड्या ट्रंकांमध्ये छोटे मॉनिटर होते, भिंतींवर मोठ्या प्रतिमा होत्या आणि दोन बाजूंच्या पडद्यांवरच्या दोन बायका मधले अंतर ओलांडून एक साडी घडी घालू पाहत होत्या. साडीची घडी घालायला दोन माणसे लागतात आणि त्यांना एकमेकांच्या जवळ यावे लागते, ही साधी घरगुती क्रिया इथे दोन देशांवर येऊन पोचते. हे काम १९९९ मध्ये मुंबईत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवले गेले. ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. शाळेच्या सहलीने आलेली मुले, गावाहून मुंबई बघायला आलेली कुटुंबे ज्या इमारतीत येतात, तिथे ते काम उभे राहिले.

अशा कामांविषयी पहिला आक्षेप नेहमी हाच येतो की, सामान्य माणसाला यातले काही कळत नाही. मला हा आक्षेप मराठी माणसाचा अपमान करणारा वाटतो. गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांमध्ये रात्रभर रांगा लावून देखावे पाहणारा समाज हा आहे. दहा दिवसांसाठी उभी केलेली, प्रकाश, आवाज, हलत्या मूर्ती आणि कधी जिवंत माणसे यांनी भरलेली, विशिष्ट चौकातच अर्थ असलेली आणि नंतर मोडून टाकली जाणारी रचना कशी पाहायची, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून देखावा म्हणजेच मांडणशिल्प, असे मी म्हणणार नाही. ते म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. देखाव्याला काय सांगायचे आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते आणि पाहणाऱ्याने ते मान्यच केलेले असते. रुम्माना हुसेन यांच्या उघड्या तोंडातून मात्र काहीच ऐकू येत नाही. ती शांतता भरून काढण्याचे काम पाहणाऱ्यावर पडते आणि अडचण होते ती तिथे. पण ही अडचण आकलनाच्या कुवतीची नाही, सवयीची आहे. सवय व्हायची तर काम पुन्हा पुन्हा समोर यावे लागते, आणि ते समोर आणणारी सार्वजनिक जागाच आपण दिलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा इंग्रजी बोलणाऱ्या दक्षिण मुंबईचा व्यवहार आहे. नव्वदच्या दशकापुरते पाहिले तर यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यानंतरचे चित्र पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणींच्या गावात वाढलेले प्रभाकर पाचपुते कोळशानेच भिंतीच्या भिंती रेखाटतात. खाणीत राबणारी माणसे, फाटलेली जमीन, माणसाच्या धडावर आलेली यंत्रे असे त्यांचे विश्व आज जगभरच्या मोठ्या प्रदर्शनांत पोचले आहे. अमोल पाटील यांच्या घरात पोवाडे गाणारे आजोबा आणि नाटके लिहिणारे वडील होते. मुंबईच्या सफाई कामगारांचे आणि चाळींचे जग त्यांनी २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे भरलेल्या पंधराव्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात मांडले. पोवाड्याच्या घरातला मुलगा परफॉर्मन्सकडे वळतो, यात मला उसनवारी दिसत नाही. उलट, कलेचा हा प्रकार त्याच्या हाती आला तेव्हा घरात आधीपासून असलेली काही सामग्री त्याला उपयोगी पडली. तैलरंगही आपल्याकडे बाहेरूनच आले होते, १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने ते शिकवले, आणि आज त्यांच्या परकेपणाची तक्रार कोणी करत नाही.

शिवाय या कलावंतांपैकी काहींनी गॅलरीचा उंबरठा ओलांडून थेट रस्त्यावर आणि गाडीत काम केले. शिल्पा गुप्ता यांनी २००२ नंतरच्या काळात रक्तासारख्या लाल द्रवाच्या छोट्या बाटल्या लोकलच्या डब्यांत प्रवाशांच्या हाती दिल्या. त्यांवरच्या मजकुरात धर्म आणि राष्ट्रीयत्व यांसारख्या, माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी त्याला दोष देण्याचे समाधान उघड केले होते. ज्या डब्यात कंगवे, सुया, टिकल्या विकल्या जातात तिथे ही बाटली हातात येणे म्हणजे काय, हे रोज लोकलने जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तुषार जोग यांनी सरकारी खात्याच्या धर्तीवर स्वतःचे एक ‘पब्लिक वर्क्स सेल’ काढले आणि गर्दीच्या लोकलला बाहेरून चिकटून प्रवास करता यावा अशा साधनांची रचना केली. २०१० मध्ये ते मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला गेले. मुंबईचे शांघाय करण्याची भाषा तेव्हा राज्यकर्त्यांच्या तोंडी होती. जोग यांनी वाट निवडली ती सरदार सरोवर आणि चीनमधले थ्री गॉर्जेस या दोन धरणांवरून जाणारी, म्हणजे विकासाच्या नावाखाली ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या भूमीतून. जोग २०१८ मध्ये अकाली गेले. महानगराच्या नियोजनावर इतक्या नेमकेपणाने आणि इतक्या जिव्हाळ्याने बोलणारा कलावंत या शहरातून गेला, आणि त्याचे काम सलगपणे पाहायचे तर विद्यार्थ्याने कुठे जावे याचे उत्तर माझ्याकडे नाही.

या प्रकारात वाईट कामे होत नाहीत, असे मी सुचवत नाही. पुष्कळ होतात. चार वस्तू ठेवायच्या, शेजारी न कळणाऱ्या भाषेतला परिच्छेद लावायचा आणि अर्थाची जबाबदारी त्या परिच्छेदावर टाकायची, अशी कामे दर मोठ्या प्रदर्शनात भेटतात. अलीकडे त्यात तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या दिपवून टाकणाऱ्या खोल्यांची भर पडली आहे. २०२३ मध्ये मुंबईत व्हॅन गॉगची चित्रे भिंतींवर आणि जमिनीवर हलत्या प्रकाशात दाखवणारा कार्यक्रम झाला, त्यालाही गर्दी लोटली. लोकांना त्यात आनंद मिळाला आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण तिथे पाहणाऱ्याकडून छायाचित्र काढण्यापलीकडे कशाचीही अपेक्षा नसते. बाजारात खपणाऱ्या गोष्टीला सार्वजनिक आधार लागत नाही. जे काम खपत नाही, पण ज्याच्यावाचून आपल्या अलीकडच्या इतिहासाचे एक पान कोरे राहते, त्याला तो लागतो.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो कलावंतांच्या बाजूनेच येतो. ही कला नाहीशी होण्यासाठीच असेल, तर ती जपणे हा तिच्याशी केलेला द्रोह ठरत नाही का? नलिनी मालानी यांनी १९९२ मध्ये गॅलरी केमोल्डच्या, म्हणजे तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या दालनाच्या भिंतींवर थेट चित्रे काढली आणि प्रदर्शनानंतर ती पुसली गेली. विकता येणारी वस्तू मागे ठेवायची नाही, हा त्या कामाचाच भाग होता. अमेरिकी अभ्यासक पेगी फेलन यांनी १९९३ मध्ये असे मांडले की, परफॉर्मन्सचे आयुष्य फक्त वर्तमानात असते आणि त्याची नोंद केली की तो दुसरेच काही होतो. हे म्हणणे मला पटते आणि तरीही पुरेसे वाटत नाही. कलावंताने स्वतःच्या हाताने पुसणे आणि समाजाने विसरून जाणे या दोन क्रियांची फळे सारखी दिसली, तरी त्यांचे नैतिक वजन सारखे नाही. मालानी यांनी भिंत पुसली, पण ती का पुसली हे सांगितले, तिचे चित्रीकरण होऊ दिले. त्या पुसण्यालाही साक्षीदार हवे होते. दंगलीवरच्या कामांच्या बाबतीत तर विस्मरण हे तटस्थ राहतच नाही, कारण ज्यांना त्या दंगली विसरल्या जायला हव्या आहेत त्यांची त्यामुळे सोय होते.

आपल्याकडच्या प्रयोगरूप परंपरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. कीर्तन वस्तू म्हणून कुठे ठेवलेले नसते, गोंधळ कपाटात सापडत नाही. ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात उतरत राहते आणि प्रत्येक वेळी थोडे बदलते. गॅलरीत जन्मलेल्या परफॉर्मन्सला अशी शिष्यपरंपरा नाही. कलावंत गेला की त्याच्या शरीराबरोबर कामही जाते, आणि म्हणून इथे संस्थेला गुरुजनांची भूमिका घ्यावी लागते.

हे व्यवहारात शक्य आहे का, असे विचारले जाईल. शक्य आहे, जगातल्या काही संग्रहालयांनी ते करून दाखवले आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाने २००५ च्या सुमारास स्लोव्हाक कलावंत रोमान ओंदाक यांची एक कृती विकत घेतली, ती म्हणजे माणसांची रांग. नेमलेली माणसे ठरल्याप्रमाणे रांग लावतात आणि कशासाठी तरी वाट पाहतात. संग्रहालयाकडे असतात त्या कलावंताच्या सूचना आणि ती रांग पुन्हा लावण्याचा अधिकार. टिनो सेहगल या कलावंताच्या कृती तर कागदाचा एकही चिटोरा न वापरता, नोटरीसमोर तोंडी सांगून विकल्या जातात. मांडणशिल्पासाठी लागतात ते आराखडे, अंतरे, वस्तूंची यादी, कोणती वस्तू बदलली तर चालेल आणि कोणती मूळचीच हवी याविषयी कलावंताची तपशीलवार मुलाखत. पपई दर वेळी ताजी घ्यावी लागेल, हे उघड आहे. पण घुंगरू कोणते, वेग कोणता, प्रेक्षकांशी नजर मिळवायची की नाही, हे विचारायला रुम्माना हुसेन आज नाहीत. मालानी यांच्या ट्रंकांतल्यासारखे जुने काचनळीचे मॉनिटर आता बनत नाहीत. ते बिघडले की सपाट पडदे लावायचे की नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण ट्रंकेच्या खोलीत चमकणाऱ्या त्या फुगीर काचेशी कामाचा अर्थ जोडलेला असेल, तर तो निर्णय कलावंत हयात असतानाच विचारून लिहून ठेवावा लागतो. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ फितींचे आयुष्यही संपत आले आहे. त्या वेळेत संगणकीय रूपात आणल्या नाहीत तर त्यांवरचे चुंबकीय चित्र पुसट होत जाऊन कायमचे जाते.

संस्था आपल्याकडे नाहीत, असेही नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ पासून सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००८ मध्ये नूतनीकरणानंतर खुले झाले आणि पुढच्या काही वर्षांत सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या कलावंतांना त्याने जुन्या संग्रहाशी संवाद साधणारी कामे करायला बोलावले. पालिकेचा सहभाग असलेल्या संग्रहालयात हे घडले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून ही कला फुटपाथवर आणतो आहे. पण महोत्सव संपतो, तात्पुरते प्रदर्शन उतरते आणि संग्रह मात्र जिथल्या तिथे राहतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या याच राष्ट्रीय संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, अमोल पालेकर स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले तेव्हा त्यांना वारंवार अडवले गेले. त्या दिवशी चर्चा त्यांना अडवण्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मूळ मुद्दा मात्र मागे पडला, की काय दाखवायचे आणि काय जमवायचे हे ठरवताना त्या शहरातल्या कलावंतांचा आवाज असणार आहे की नाही.

इतरत्र काय झाले तेही पाहावे. कोची-मुझिरिस बिनाले हे दर दोन वर्षांनी भरवण्याचे कलाप्रदर्शन २०१२ मध्ये सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही जे. जे.मध्ये शिकलेले आणि मुंबईत घडलेले. त्यांना पाठबळ मिळाले ते केरळ सरकारचे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या आवृत्तीची सूत्रे निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या गटाकडे गेली. चोप्रा हे स्वतः अनेक दिवस चालणारे परफॉर्मन्स करणारे कलावंत आहेत. मुंबईत तयार झालेली माणसे आणि शेजारच्या गोव्यात वाढलेला गट यांच्या हाताने केरळमध्ये ही कला सार्वजनिक झाली, याचा आनंद आहेच. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक खात्याने मात्र हे आपल्याकडे का होऊ शकले नाही, हे स्वतःला विचारायला हवे.

एकदम मोठी इमारत बांधायची मागणी मी करणार नाही, कारण इमारतीची घोषणा होते आणि काम तिथेच थांबते. राज्याच्या कला संचालनालयाने, जे. जे.ने आणि मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने मिळून १९९२ ते २००२ या दशकातल्या कामांपासून सुरुवात करावी. जे कलावंत हयात आहेत त्यांच्या सूचना त्यांच्या तोंडून नोंदवून घ्याव्यात. विवान सुंदरम् २०२३ मध्ये गेले आणि ती संधी त्यांच्या बाबतीत संपली. ज्यांनी ही कामे प्रत्यक्ष पाहिली, उभारली, ज्यांनी दिवे लावले, ट्रंका उचलल्या, त्या माणसांच्या आठवणी मराठीत, हिंदीत, उर्दूत, जशा येतील तशा टिपाव्यात, कारण ते लोक आता साठी-सत्तरीत आहेत. फिती कुटुंबीयांच्या परवानगीने संगणकीय रूपात आणाव्यात आणि जे. जे.च्या ग्रंथालयात कोणत्याही विद्यार्थ्याला मागता येतील अशा ठेवाव्यात. दोन-तीन कृतींच्या पुनःसादरीकरणाचे हक्क रीतसर विकत घ्यावेत आणि त्या सादर करायला रंगभूमीवरच्या व लोककलांतल्या कलावंतांनाही बोलवावे. अशा खरेदीला गोदाम लागत नाही, वातानुकूलित दालन लागत नाही. एक करार, एक सविस्तर सूचनापत्र आणि ते वाचून काम पुन्हा उभे करू शकणारा प्रशिक्षित माणूस लागतो. असा माणूस तयार करणारा अभ्यासक्रम जे. जे.मध्ये या वर्षी सुरू झाला, तर त्याची पहिली तुकडी बाहेर पडेल तेव्हा काही फिती अजून चालत असतील.